वॉचमनच्या एजन्सीला लायसन्स लागतं, मग पेशंटच्या उशाशी माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला का नाही?

प्रति,
सामाजिक न्याय विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि कामगार विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

तीन खात्यांना एकच पत्र लिहितेय, कारण घरी म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला ब्युरोकडून जी मावशी किंवा जे मामा येतात त्यांचं खातं नेमकं कुठलं हे मला अजून कळलेलं नाहीये. पेशंट ज्येष्ठ नागरिक म्हणून सामाजिक न्याय म्हणावं, काम नळी-कॅथेटर-इन्सुलिनचं म्हणून आरोग्य म्हणावं, आणि ती बाई बारा बारा तास राबते म्हणून कामगार म्हणावं, तर तिन्ही बरोबर वाटतं. आणि जे तिघांचं असतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा कुणाचंच नसतं. तेव्हा तुम्हीच आपापसात ठरवा.

मुद्दा सरळ सांगते. आमच्या सोसायटीच्या गेटवर जो वॉचमन बसतो त्याच्या एजन्सीला सरकारचं लायसन्स लागतं, २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदाच आहे, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पसारा लायसन्स म्हणतात ते. माणूस नेमायच्या आधी त्याची चारित्र्य पडताळणी करायची, ट्रेनिंग द्यायचं, केंद्राच्या नमुना नियमांत तर १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर असं आकड्यानिशी लिहिलंय, आणि एजन्सीने घोळ घातला तर लायसन्स रद्द होऊ शकतं. चांगलंच आहे, तक्रार नाही. पण जी व्यक्ती गेटवर न थांबता लिफ्टने वर येते आणि अंथरुणाला खिळलेल्या, धड बोलता न येणाऱ्या माणसाजवळ रात्रभर एकटी असते तिला पाठवणाऱ्या ब्युरोला काय लागतं? शॉप ॲक्टचा कागद. तोही माणसं कमी दाखवली तर नोंदणी नाही, २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना दिली की झालं. बाकी एक मोबाईल नंबर आणि हॉस्पिटलजवळच्या मेडिकलबाहेर चिकटवायला स्टिकर.

आता कुणी म्हणेल की नर्सिंग होमचा कायदा आहे ना. आहे, १९४९ चा, पण तो जागेला लागतो, पेशंट ठेवून घेतात अशा जागेला, आणि आमची आतली खोली म्हणजे काही नर्सिंग होम नाही. दवाखाने-हॉस्पिटलांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही. मजा म्हणजे महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले, दारं किती रुंद हवीत, बाथरूममध्ये धरायला दांड्या हव्यात, फरशी घसरडी नको, सगळं. म्हणजे दार किती रुंद असावं हे ठरलंय, त्या दारातून आत येणाऱ्या माणसाला काय यायला हवं हे मात्र ठरलेलं नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगते, ब्युरोचं नाव घेत नाही कारण एका ब्युरोवर खापर फोडून काही होणार नाही, बाकीचेही तसेच चालतात. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली, त्यात जुना डायबिटीस, रात्री इन्सुलिन. रोजच्या मावशी गावाला गेल्या म्हणून ब्युरोने बदली बाई पाठवली. बुकिंग करताना फोनवर सांगितलेलं, "ट्रेन्ड आहे मॅडम, इन्सुलिन वगैरे सगळं देते." सिरिंज संपल्या होत्या त्या तिनेच खालच्या दुकानातून आणल्या, लाल टोपीच्या. इन्सुलिनची बाटली होती १०० ची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, एक मिली मध्ये ४० युनिट आणि एक मिली मध्ये १०० युनिट, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, ४० वालीला लाल टोपी, १०० वालीला केशरी. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० वालं औषध १२ च्या रेघेपर्यंत भरलं की पोटात १२ नाही, ३० युनिट जातं. अडीच पट. पहाटे सासूबाई घामाने ओल्याचिंब, हाक मारली तर ओ नाही, शुगर मोजली तर मशिनवरचा आकडा बघून माझेच हातपाय गार पडले. वरच्या मजल्यावर डॉक्टर राहतात म्हणून वाचल्या.

सकाळी ब्युरोला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम आम्ही फक्त माणूस पुरवतो, इंजेक्शनसाठी तुम्ही सिस्टर मागवायची." आणि त्या बिचाऱ्या बाईला त्याच दिवशी कामावरून काढलं, म्हणजे तिच्या जागी दुसरी, तितकीच ट्रेन्ड. मला त्या बाईचा राग नाही आला खरं सांगायचं तर. तिला लाल आणि केशरी टोपीतला फरक कुणी दाखवलाच नव्हता. राग आला तो, ज्याने रात्री फोनवर "सगळं देते" म्हटलं आणि सकाळी "फक्त माणूस पुरवतो" म्हटलं, त्या मधल्या माणसाचा, आणि त्याला तसं म्हणायची मोकळीक आहे याचा.

ज्यांनी घरी पेशंट केलेला नाही त्यांना वाटतं हे काय, जेवण भरवायचं, डायपर बदलायचा, टीव्ही लावून द्यायचा. तसं नाहीये हो. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर आधी लाल होतं, मग कातडी सोलते, आणि एकदा बेडसोअर खोल गेला की तो भरायला महिने जातात, कधी भरतच नाही. एअरबेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको असा समज इतका पक्का आहे की मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकलाय, आणि तिन्ही ठिकाणी सांगणारी मावशी ब्युरोचीच. नाकातून नळी असेल तर डोक्याकडची बाजू उंच करून भरवायचं आणि भरवल्यावर निदान अर्धा पाऊण तास तसंच ठेवायचं, आडवं करून पातळ पेज सोडली की ती छातीत उतरते आणि मग न्यूमोनिया, आणि मग आयसीयू, आणि मग पोरांना परदेशातून तिकिटं. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवायची नाही. अर्धांगाच्या पेशंटला काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो. ऑक्सिजनचं मशिन चालू असताना त्या खोलीत समई उदबत्ती नको, हे तर मी एका ओळखीच्यांकडे गेले तेव्हा स्वतः सांगून विझवायला लावलं, देवघर त्याच खोलीत होतं आणि मावशींना वाटलं आजोबांना बरं वाटेल म्हणून त्यांनी भक्तिभावाने लावलेली.

आणि एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही. पेशंट नळी ओढतो म्हणून ओढणीने हात पलंगाला बांधणं. रात्री ओरडतो म्हणून झोपेची गोळी अर्धीच्या जागी एक देणं. बहुतेक वेळा यात दुष्टपणा नसतो, एकटी बाई, चोवीस तासांची ड्युटी, तिसरी रात्र जागून काढलेली, ती काय करणार. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा हात बांधला होता हे तो कुणाला सांगणार आणि सांगितलं तर आपण त्यावर विश्वास ठेवणार का? मनगटावरचा वळ कुणी बघितला तर कळतं. हॉस्पिटलमध्ये निदान राउंडला कुणीतरी येतं, शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक असतात. घरात कुणी नाही. कॅमेरा लावा म्हणतात सगळे, लावलाही लोकांनी, पण ज्या माणसाचं अंग पुसणं, डायपर बदलणं सगळं त्या खोलीत चालतं तिथे चोवीस तास कॅमेरा आणि तो दुबईत की न्यू जर्सीत बसलेल्या चार जणांच्या मोबाईलवर, हे मला तरी बघवत नाही. आणि ती बाई तिथेच खाली चटईवर झोपते, तिच्याही कपड्यांचा प्रश्न आहे.

त्या बायांबद्दल बोलायलाच हवं, कारण ट्रेनिंग ट्रेनिंग म्हणताना सगळा भार त्यांच्यावर टाकून मोकळं व्हायची सवय आहे आपल्याला. बऱ्याचजणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, कुणी विधवा, कुणाला नवऱ्याने टाकलेलं, कुणाची पोरं गावी आजीकडे. आम्ही महिन्याला पंचवीस-तीस हजार भरतो, त्यातले त्यांच्या हातात किती पडतात हे बिलावर लिहिलेलं नसतं, विचारलं तर "ते आमचं आणि तिचं बघू" असं उत्तर. आठवड्याची सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर बदली बाईचे पैसे हिच्यातून कापणार. पेशंटला उचलून उचलून कंबर गेली तर उपचार स्वतःच्या पैशाने. पेशंटने किंवा घरातल्या कुणी अंगचटीला जायचा प्रयत्न केला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, पण हे तिला सांगणार कोण? राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात ही बाई घरकामगार धरायची की आणखी काही, हा प्रश्न तिने कुणाला विचारायचा? आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायदा करायचा का याचा विचार करायला समिती नेमा. म्हणजे एवढी वर्षं होऊनही तेव्हा आपण समितीच्याच पायरीवर होतो. सलग चोवीस तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाच्या हातून रात्री तीन वाजता औषध देताना चूक होणार नाही असं कुठल्या हिशोबाने धरायचं ते मला सांगा, तेव्हा तिच्या झोपेचे तास ठरवणं हा पेशंटच्या सुरक्षिततेचाच नियम आहे, कामगार खात्याने वेगळा समजू नये.

आपण घरचे लोकही काही साधू नाही. अटेंडंटचे पैसे द्यायचे आणि कामं नर्सची करून घ्यायची, वर पोळ्या लाटायला लावायच्या आणि नातवाला बसस्टॉपवरून आणायला पाठवायचं, हे आमच्याच बिल्डिंगमध्ये रोज चालतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली नर्स वेगळी, सहा महिन्यांचा कोर्स केलेली सहाय्यक वेगळी, आणि काहीच न शिकता अनुभवाने तयार झालेली मावशी वेगळी, पण तिघींच्या अंगावर एकच पांढरा ॲप्रन चढवून ब्युरो तिघींनाही सिस्टर म्हणून पाठवतं आणि आपण विचारत नाही कारण विचारलं तर रेट वाढेल. म्हणून कुणी काय करायचं आणि काय करायचं नाही हे सरकारी कागदावर लिहिलेलं हवं, म्हणजे ती बाईही म्हणू शकेल की ताई, इंजेक्शन माझ्या कामात बसत नाही.

असं नाही की हे कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे, त्यात दुरुस्ती करायचं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, किमान दर्जा ठरवायचं होतं, माणसं शिकवलेली आणि पडताळणी केलेली असावीत हेही होतं. मी ते वाचलं तेव्हा म्हटलं चला, सुटलो. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने २०२१ च्या जानेवारीत अहवालही दिला, मधे कोविड, मग पुढे काही हललं नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तसं विधेयकही बुडालं. आजच्या घडीला २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत काय उरलंय, तर ज्येष्ठ नागरिकाने विनंती केली तर त्याच्याकडे काम करणाऱ्यांची पडताळणी पोलिसांनी लगेच करावी. म्हणजे ऐंशी वर्षांच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाने ते पोलिसांकडे मागायचं, आणि दर आठवड्याला माणूस बदलला तर दर आठवड्याला मागायचं. जो माणूस पाठवून पैसे कमावतो त्याच्यावर काही नाही.

योजना बाकी खूप आहेत, नाही म्हणत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार रुपये मिळतात, काठी, चष्मा, कमोड खुर्ची घ्यायला. सत्तरीवरच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावर, घरी आणल्यावर जी खरी दोन-चार वर्षांची लढाई सुरू होते तिथे ते चालत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे, माणसं तिथे आपुलकीने बोलतात, पण बोलून झाल्यावर ब्युरोवर कारवाई कुठल्या कलमाखाली करायची हा प्रश्न उरतोच. ग्राहक आयोगात जा म्हणतात, जाता येतं, पण ते सगळं होऊन गेल्यावर, आणि तोवर ज्याच्यासाठी गेलो तो माणूस असेलच असं नाही.

आता माझं मागणं. केंद्राचं विधेयक पुन्हा येईल तेव्हा येईल, राज्याने स्वतःचा कायदा करावा, निदान नियम तरी. पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरी अटेंडंट पाठवणाऱ्या प्रत्येक ब्युरोची, कंपनीची, ॲपची नोंदणी सक्तीची करा आणि तो नोंदणी क्रमांक बिलावर आणि स्टिकरवर असलाच पाहिजे म्हणा. कुटुंबाने थेट ओळखीतून ठेवलेल्या मावशींना यात ओढू नका, त्यांना परवान्याच्या कचाट्यात टाकलं तर सगळंच बसेल. पाठवलेला माणूस कोण, काय शिकलाय, पडताळणी कधी झाली, हे घरात पाऊल ठेवायच्या आधी कागदावर मिळायला हवं, आधार कार्डाची झेरॉक्स म्हणजे पडताळणी नाही. कोर्स आहेतच, कौशल्य विकासवाल्यांचे जनरल ड्युटी असिस्टंट आहे, होम हेल्थ एड आहे, पण कोर्स केलेलीच बाई पाठवली पाहिजे असं ब्युरोवर बंधन नसल्यामुळे कोर्स करून तिला चार पैसे जास्त मिळत नाहीत, मग ती कशाला करेल. ज्या दहा-पंधरा वर्षं काम करतायत त्यांना परत शाळेत बसवू नका, त्यांची परीक्षा हातानेच घ्या, कूस बदलून दाखव, नळीतून भरवून दाखव, दोन सिरिंज समोर ठेवतो यातली कुठली ते सांग. त्यातल्या कितीतरी जणी तुमच्या परीक्षकालाच चार गोष्टी शिकवतील. पडला, जखम झाली, औषध चुकलं, हात बांधावा लागला, की ब्युरोने ते लिहून ठेवायचं आणि कुटुंबाला कळवायचं, आणि माणूस त्या रात्रीपुरता बदलून प्रकरण मिटवायचं नाही. हात बांधायचाच असेल तर डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अजिबात नाही.

मला माहितीये लगेच काय उत्तर येईल. इन्स्पेक्टर कुणाच्या बेडरूममध्ये जाऊन तपासणार? जाऊच नये त्याने. त्याने ब्युरोच्या ऑफिसात जावं, रजिस्टर बघावं, पगाराच्या नोंदी बघाव्यात, आणि यादीतल्या दहा घरांना फोन लावून विचारावं की बाई वेळेवर येते का, तुम्हाला काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिच्या सासऱ्यांकडे येणाऱ्या बाईची एजन्सी केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे अशा सेवा तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेली आहे आणि त्या एजन्सीचा शेरा, चांगली की सुधारणा हवी की अपुरी, कुणालाही बघता येतो. तिथलं सगळं गोड आहे असं नाही, त्या कमिशनच्याच कारभारावर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर ताशेरे ओढले. पण ताशेरे ओढायला निदान एक खातं आहे. एवढं लांब कशाला, केरळने २००८ मध्येच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या देखभालीचं, धोरण केलं आणि तिथे ग्रामपंचायतीमार्फत नर्स घरी येऊन अंथरुणावरच्या पेशंटला बघून जाते. आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रं आहेत, शहरात महापालिकेचे दवाखाने आहेत.

दुसरं उत्तर येईल की नियम आणले तर छोटे ब्युरो बंद पडतील आणि रेट वाढतील. थोडे वाढतील, हो. त्यातले काही ब्युरो बंद पडायलाच हवेत. आणि जी बाई दोन खोल्यांतून पंधरा बायकांना काम देते, स्वतः प्रत्येक पेशंट आधी बघून येते, रात्री फोन उचलते, असे ब्युरो आहेत, मी बघितलेत, तिला नोंदणीची फी पाचशे रुपये ठेवा आणि अर्ज मराठीत ठेवा, ती आनंदाने करेल, कारण आज तिला स्टिकरवाल्याशी फक्त रेटवर भांडावं लागतंय.

फी भरून घेणं आणि सर्टिफिकेट छापणं एवढ्यावरच हे थांबेल, ही भीती मलाही आहे. म्हणून पहिल्यापासून नोंदणी झालेल्यांची आणि रद्द झालेल्यांची, दोन्ही याद्या तालुक्यानुसार सगळ्यांना दिसतील अशा ठेवा.

आणि एक काम असं आहे ज्याला विधेयक लागत नाही, अधिवेशन लागत नाही, आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढलं तरी पुरे. सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलातून नळी, कॅथेटर, इन्सुलिन किंवा बेडसोअर असलेला म्हातारा पेशंट घरी सोडताना, त्याला सांभाळणार आहे त्या माणसाला, मग ती सून असो, मुलगा असो की ब्युरोची मावशी, वॉर्डातल्या सिस्टरने अर्धा तास जवळ उभं करून हाताने शिकवायचं आणि मराठीत चित्रांसकट एक पान द्यायचं. डिस्चार्जच्या कागदावर त्याची एक सही घ्यायची, शिकवलं म्हणून. सध्या त्या कागदावर इंग्रजीत औषधांची नावं असतात आणि खाली लिहिलेलं असतं की काळजी घ्या.

कळावे,
कायद्याने ज्येष्ठ नागरिक व्हायला दोन वर्षं बाकी असलेली, पुण्याची एक रहिवासी